खोटी केस कुणाची?



गावच्या बैठकीत मारझोडीचा विषय निघाला की पूर्वी पुरुष खाली मान घालून बसत. फार तर एखादा म्हणे, "घरचा मामला आहे, घरातच मिटवू." आता मागच्या रांगेतून लगेच प्रश्न येतो, "आणि ज्या बायका खोट्या केसेस करतात, त्यांचं काय?" विचारणारा बहुधा विशी-पंचविशीतला मुलगा असतो. त्याचे लग्न झालेले नसते. त्याच्या गावात चारशे अठ्ठ्याण्णवची केस कुणी पाहिलेली नसते. पण कलमाचा आकडा त्याला पाठ असतो. "कायदे सगळे बायकांच्याच बाजूचे", "पुरुषाला कुणी वाली नाही", "स्त्रीमुक्तीवाल्यांनी घरं मोडली" ही वाक्ये त्याच्या ओठांवर तयार असतात. मूल-सावलीपासून भामरागड-सिरोंच्यापर्यंत ती अगदी सारखी ऐकू येतात, कारण ती गावात जन्मलेली नाहीत. ती मोबाइलवरून आलेली आहेत.

या मुलाला गप्प बसवणे सोपे आहे. बैठकीत बाया जास्त असल्या की तो बसतोही. पण प्रश्न तसाच राहतो, आणि तो ठाणेदाराच्या, डॉक्टरच्या, तंटामुक्ती समितीच्या तोंडी पुन्हा येतो. म्हणून या वेळचे संपादकीय त्या एका शब्दाबद्दल: 'खोटी केस'.

बाईने तोंड उघडले की तिच्यावरच आरोप ठेवायचा, ही रीत जुनी आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. पुस्तकावर एवढी टीका झाली की ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघालेच नाही. त्यांची बाजू घ्यायला पुढे आले ते जोतीराव फुले, 'सत्सार' मधून. आपल्या वऱ्हाडातली ही गोष्ट. तेव्हा ना हुंड्याचा कायदा होता, ना कौटुंबिक हिंसाचाराचा, तरी राग तोच होता.

आजच्या रागाला संघटनेचे रूप आहे. महाराष्ट्रात पुरुष हक्क संरक्षण समिती नव्वदच्या दशकापासून आहे. २००५ नंतर 'सेव्ह इंडियन फॅमिली' या नावाखाली देशभर गट उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरजवळ करोडीला पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम निघाला आणि वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारणाऱ्या पुरुषांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका अभियंत्याने पत्नी आणि सासरच्यांवर आरोप करून आत्महत्या केली, त्यानंतर तर या प्रचाराला उधाण आले. मागण्या ठरलेल्या आहेत: क्रूरतेचे कलम सौम्य करा, खोट्या तक्रारी करणाऱ्या बायकांना शिक्षा करा, पुरुष आयोग नेमा. त्यांच्यामागे एक गृहीत आहे. जी केस न्यायालयात टिकली नाही ती खोटी होती, आणि ती करणारी बाई खोटारडी होती.

हे गृहीत तपासायला आपल्याला दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही. देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला गेले तरी पुरे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, तो १९८२ साली झाला. वडसा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणले होते. आईवडील नसलेली, मोलमजुरी करून जगणारी मुलगी. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला थांबवून घेतले. एका पोलिसाने बलात्कार केला, दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची तक्रार होती. ठाण्याबाहेर लोक जमले, संतापले, तेव्हा कुठे ती तक्रार लिहून घेतली गेली. पुढे साऱ्या देशाने हा खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधाची सवय आहे, संबंध आला असेल पण तो बलात्कार नव्हे, असे निकालात म्हटले होते. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला, एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. धाकाने मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाला दिसले. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, मग जबरदस्ती कशी म्हणायची, असा तो युक्तिवाद.

म्हणजे आजच्या मोबाइलच्या भाषेत मथुरेची केस 'खोटी' ठरली. तसा शिक्का थेट सत्र न्यायालयानेच मारला होता. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसांपुढे एका पोरक्या आदिवासी पोरीने कोणता प्रतिकार करायचा होता, हा प्रश्न वर्षभर कुणी विचारला नाही. तो सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. ८ मार्च १९८० ला गावोगावी मोर्चे निघाले. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी, कडक तरतूद आली, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व बाईने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहून यायला मात्र २०१३ उजाडावे लागले.

त्याच १९८३ च्या डिसेंबरात, हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनांमुळे, दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे. मागच्या रांगेतल्या मुलाला हे सांगितले पाहिजे की ज्या कायद्यांवर त्याचा राग आहे, ते सुखवस्तू शहरी बायकांनी फुरसतीत मागितलेले नाहीत. त्यांच्या मुळाशी त्याच्याच जिल्ह्यातली, त्याच्याच मजूर वस्तीतली एक मुलगी आहे.

आता आजच्या तक्रारीकडे वळू. आपल्याकडे एखादी केस निर्दोष सुटण्यापर्यंत कशी पोचते?

बाई पहिल्या मारानंतर येत नाही, दहाव्या-विसाव्यानंतर येते. आधी माहेरी सांगते, माहेरचे "नांदव बाई" म्हणून परत धाडतात. मग पोलीस पाटील, मग तंटामुक्ती समिती. २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने तंटे मिटवले की बक्षीस. पण बाईच्या पाठीवरचे वळ हा मिटवायचा तंटा आहे की गुन्हा, हा भेद गुणांच्या तक्त्यात हरवला. समितीपुढे नवऱ्याने पाया पडून शब्द दिला, कागदावर अंगठे झाले, चार दिवसांनी पुन्हा तेच. ठाण्यात गेली तर पहिल्या वेळी अदखलपात्र नोंद, दुसऱ्या वेळी समजपत्र, तिसऱ्या वेळी "विचार करून ये".

अखेर गुन्हा दाखल होतो. तारखा सुरू होतात. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. जाण्यायेण्यात दोन दिवसांची मजुरी जाते, आणि तारीख धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात पडली तर वर्षाच्या कमाईलाच खिंडार. साक्षीदार शेजारचे, म्हणजे बहुधा नवऱ्याच्याच भावकीतले. डॉक्टरच्या कागदावर "साधी इजा". मधल्या काळात खावटी नाही, पोरे सासरी अडकलेली. मग एक दिवस निरोप येतो: केस मागे घे, घरात घेतो. ती न्यायालयात उभी राहून सांगते, "काही झालं नव्हतं, गैरसमजातून तक्रार दिली." कागदावर ती फितूर, नवरा निर्दोष. आणि वर्षाच्या शेवटी ही केस त्या आकड्यात जाऊन बसते, जो दाखवून मोबाइलवरचा माणूस म्हणतो, "पाहा, किती कमी केसेसमध्ये शिक्षा होते!"

शिक्षेचे प्रमाण कमी आहे, हे खरे. पण निर्दोष सुटणे म्हणजे पुरावा कमी पडणे, साक्षीदार फिरणे किंवा तडजोड होणे. खोटी तक्रार म्हणजे जाणूनबुजून रचलेला आरोप, आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो. त्यासाठी शिक्षेची तरतूदही जुनीच आहे. दंडसंहितेत १८२ आणि २११ ही कलमे होती, नव्या संहितेत २१७ आणि २४८ आहेत. चोरीच्या, मारामारीच्या, जमिनीच्या खटल्यांतही आरोपी सुटतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की फिर्यादी खोटारडे असतात, सबब चोरीचे कलम सौम्य करा. हा हिशोब फक्त बाईच्या बाबतीत मांडला जातो.

"कायदे सगळे बायकांच्या बाजूचे" हेही पडताळून पाहू. २००५ साली सुशीलकुमार शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ घटनात्मक ठरवले, पण गैरवापराला 'कायदेशीर दहशतवाद' म्हटले. पुरुष हक्कवाल्यांनी त्यातला दुसराच भाग उचलला. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तक्रार आली की सरसकट अटक, ही पद्धत बंद झाली. पोलिसांनी आधी नोटीस द्यावी, अटकेचे कारण लेखी नोंदवावे, असे ठरले. तेव्हा "तक्रार दिली की सारे घर तुरुंगात" हे वाक्य दहा वर्षांहून अधिक शिळे आहे. २०१७ च्या राजेश शर्मा निकालाने तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायला सांगितले. त्याविरुद्ध लढलेल्यांत अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, महिला वकिलांची 'न्यायाधार' ही संस्था होती. १४ सप्टेंबर २०१८ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्या समित्या रद्द केल्या. आणि २२ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. त्यांत गुन्हा नोंदल्यावर दोन महिने अटक नाही आणि प्रकरण कुटुंब कल्याण समितीपुढे, ही तरतूद आहे. दारातून घालवलेली समिती खिडकीतून परत आली. ज्या बाईला माहेर उरलेले नाही, तिने ते दोन महिने कुठे काढायचे, याचे उत्तर त्यात नाही. नवरा-बायकोतला बलात्कार तर नव्या संहितेतही गुन्हा मानलेला नाही. याला "सगळे कायदे बायकांचे" म्हणायचे?

आकडे हवेच असतील तर हेही घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी २९.३ टक्के बायांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या बायांपैकी मदत मागितली ती अवघ्या १४ टक्क्यांनी. ७७ टक्के बाया ना कुणाकडे गेल्या, ना कुणाला बोलल्या. या देशातली मोठी अडचण खोटी तक्रार नाही. न केलेली तक्रार ही आहे. आणि 'खोटी केस' या शब्दाचा खरा उपयोग इथेच होतो. जी बाई अजून उंबऱ्याच्या आत आहे, तिला तो आतच बसवतो.

इतके म्हटल्यावर दोन गोष्टी मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. पहिली, काही तक्रारी फुगवून लिहिल्या जातात. मारणारा एक असतो आणि कागदावर दीर, जाऊ, लग्न होऊन गेलेली नणंद, आजारी सासरा, सगळे येतात. कधी रागाने, बरेचदा लिहून देणाऱ्याच्या सल्ल्याने: "सगळ्यांची नावं टाका, म्हणजे दबाव येतो." डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याच सवयीवर बोट ठेवले. क्रूरता सोसलेल्या बाईने गप्प राहावे असे आमचे म्हणणे नाही, हेही त्याच निकालात आहे. निरपराध माणसाचे नाव घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि उलटतपासणीत तेच एक नाव संपूर्ण तक्रार बुडवते. ज्या नणंदेचे नाव विनाकारण येते तीही बाईच आहे.

दुसरी, पुरुषांचे दुःख खोटे नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या, त्यांतले सुमारे ७२ टक्के पुरुष. हा आकडा पुरुष हक्कवाले बायकोच्या नावावर लिहितात. पण त्याच अहवालात पाहा: आत्महत्या करणाऱ्यांत सर्वांत मोठा गट रोजंदारी मजुरांचा, २६.४ टक्के. कौटुंबिक कारणे ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, लग्नाशी संबंधित कारणे ४.८ टक्के. आणि जीव देणाऱ्या बायांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी. विदर्भाला हे समजावून सांगायला नको. इथे फवारणीचे औषध कर्जापायी, नापिकीपायी पोटात गेले आहे, आणि मागे राहिलेल्या बाईने सावकाराला तोंड देत, सातबारावर नाव चढवण्यासाठी हेलपाटे घालत पोरे वाढवली आहेत.

आपल्या दोन जिल्ह्यांत पुरुषांच्या जिवासाठी सर्वांत मोठे आंदोलन कुणी केले? दारूविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या बायांनी. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि 'श्रमिक एल्गार'च्या पुढाकाराने शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. डिसेंबर २०१० मध्ये बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी कितपत यशस्वी झाली यावर आपल्यातही मतभेद आहेत, ते असू द्या. पण त्या पायी निघालेल्या बाया काय मागत होत्या? नवरा जिवंत राहावा, शुद्धीवर राहावा, मजुरी घरी यावी. त्यांना "पुरुषांच्या मुळावर उठलेल्या" म्हटले गेले. बेकार पोराला काम, मजुराला हमीची मजुरी, शेतकऱ्याला भाव, कोर्टात लवकर निकाल, यांसाठी पुरुष हक्कवाल्यांनी असा एखादा मोर्चा काढला असेल तर आम्ही त्यांच्यासोबत चालायला तयार आहोत. त्यांचा सारा जोर मात्र एका कलमावर आहे.

मग आपण काय करायचे?

बैठकीत तो प्रश्न आला की टाळू नका, चिडूही नका. निर्दोष आणि खोटे यांतला फरक साध्या शब्दांत सांगा. वडशाची गोष्ट सांगा. शाळा-कॉलेजातल्या मुलांशी स्वतंत्र बसा, त्यांच्या नोकरीच्या, लग्न न जमण्याच्या काळज्याही ऐका. ती जागा रिकामी सोडली तर मोबाइल ती भरणारच आहे.

तक्रार लिहिताना जे झाले तेच लिहा, ज्याने केले त्याचेच नाव लिहा. तारीख, वार, कोण हजर होते, कोणत्या दवाखान्यात गेली, हे पहिल्या दिवसापासून वहीत टिपायला बाईला शिकवा. दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवायला सांगा. कलम फक्त हुंड्यापुरते नाही, शारीरिक-मानसिक छळालाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. आपल्या आदिवासी समाजांत हुंड्याची चाल नव्हती, म्हणून "हुंडा नाही तर केस नाही" असे सांगून बाईला परत पाठवले जाते. तसे पाठवू देऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घरात राहण्याचा हक्क, खावटी, संरक्षण मागता येते. तुरुंगापेक्षा अनेकींना तेच हवे असते.

प्रत्येक गटाने मागे घेतलेल्या तक्रारींची नोंद ठेवा. नाव नको, गाव नको. फक्त केव्हा घेतली, का घेतली, कुणी सांगितले, आणि वर्षभराने ती बाई कशी आहे. ही नोंद पोलिसांच्या तक्त्यात कधी येणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. आणि उद्या आपल्या जिल्ह्यात कुटुंब कल्याण समिती बसलीच, तर पहिल्या दिवशी विचारा: समितीवर कोण आहे, गावातल्या पुढाऱ्यांशी त्यांचे नाते काय, आणि त्या दोन महिन्यांत बाईच्या निवाऱ्याची, सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची.

तुमच्या गटाच्या नोंदी, बैठकीत ऐकलेले प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरे आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती छापू. मथुरेच्या बाजूने चार माणसांनी लिहायला वर्ष लागले होते. आज ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बाईने तेवढी वाट पाहू नये.